पाचवं अंडं

बद्री, एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे.
तीस वर्षं झाली, आता तू रागावणार नाहीस;
रागावलास तरी त्बिलिसीहून कुताइसीला
नुसतं ओरडायला कोण येतं?

तू दरवर्षी जिंकायचास.
ईस्टरच्या सकाळी अंड्यावर अंडं आपटायचं,
ज्याचं फुटेल त्यानं ते देऊन टाकायचं,
आणि तुझं कधी फुटायचंच नाही.
खुराड्यापाशी उकिडवा बसून तू एकेक अंडं
पुढच्या दातांवर वाजवून बघायचास,
डोळे मिटून, पांदुरीची तार लावणाऱ्या आजोबांसारखा.
टक्क असा आवाज आला की पेन्सिलीनं फुली.
ते तुझं.

त्या वर्षी वीज नव्हती, साखर नव्हती,
शाळेच्या शेगडीला लाकूड नव्हतं.
पण तळघरात आजोबांची बिघडलेली वाइन होती,
तिचा झाला होता शिरका,
वास घेतला तर डोळ्यांत पाणी.
लामारा बाई वर्गात म्हणाल्या होत्या,
अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ खडूच,
आणि खडूचं नि आंबटाचं पटत नाही.
बाई एवढंच म्हणाल्या. पुढचं माझं मी.

अंकगणिताच्या वहीच्या मागच्या पानावर:
अंडं १. अर्धा तास. अंगभर बुडबुडे,
थंडीनं काटा आल्यासारखे.
अंडं २. दोन तास. वर फेस. बोटाला पीठ लागतं.
अंडं ३. मांजर.
अंडं ४. एक रात्र, एक दिवस, पुन्हा एक रात्र.

चौथ्याचं काय सांगू तुला.
बरणीचं झाकण काढून पेटती काडी आत धरली,
तर कुणी फुंकर न मारता ती विझली.
कवच नव्हतंच. होतं ते मऊ, फुगलेलं,
पिशवीत पाणी बांधावं तसं.
कंदिलासमोर धरलं, तर आतला बलक
हळूच कलंडला, झोपेत कूस बदलल्यासारखा.
मी किती वेळ बसले कोण जाणे.
तुला हरवायचं आहे, हेही विसरले.

आई म्हणाली, ही काळी अंडी लपवून घालते की काय?
म्हणाली, रविवारी हिचंच सूप.
मी गप्प. कोंबडीही गप्प.

गुरुवारी रात्री तुझं फुलीवालं. पाचवं.
दोन तास, घड्याळ लावून.
फुली फेसाबरोबर उतरून गेली,
मग मीच काढली पुन्हा, तुझ्यासारखी,
डावीकडची रेघ जरा लांब.

शुक्रवारी आईनं मंजिष्ठाची मुळं उकळली.
बाकीची अंडी विटकरी झाली,
तुझं मात्र असं लाल उतरलं
की शेजारच्या म्झेविनार मावशींनी विचारलं,
रंगात काय घालता हो तुम्ही?
खरखरीत पाठीवर रंग जास्त धरतो.
मी तेही लिहून ठेवलं.

आणि रविवारी, ताटलीतल्या हिरव्या गव्हाच्या कोंबांवरून
तू ते उचललंस, माझ्या हातातलं फिकट बघितलंस,
आणि म्हणालास, "केसो, हे तू घे.
तुला लाल आवडतं ना."

मी नको म्हणाले. तीनदा म्हणाले.
तुला वाटलं, लाजतेय.

टक्क झालंच नाही.
चहातलं बिस्किट खचावं तसं ते खचलं.
मी एवढी रडले, की तू तुझी जिंकलेली सगळी,
सातच्या सात, माझ्या फ्रॉकमध्ये ओतलीस,
आणि आईला म्हणालास, कोंबडीचाच दोष आहे.

वही अजून आहे. उंदरांनी कोपरा खाल्लाय.
शेवटची नोंद:
अंडं ५. दोन तास. फुटलं.
कारण

त्यापुढं नुसती रिकामी जागा.

काळी कोंबडी आणखी सहा वर्षं जगली, आठवतंय?
त्या रविवारी सूप कशाचं झालं,
आणि खुराड्याची कडी कुणी काढली होती,
ते पुढच्या पत्रात.